उलटा फिरतो

बेसा-पिपळा रोडवर सात टॉवर,
त्यांच्या पार्किंगच्याही खाली माझी खुर्ची.
समोर स्क्रीन. स्क्रीनवर पिण्याचं पाणी निळं,
आगीची लाइन लाल, संडासासाठी गाळून आणलेलं जांभळं.
खरं पाणी यातल्या कुठल्याच रंगाचं नसतं,
ते भिंतीपलीकडच्या टाकीत
उपाशी पोटासारखं गुरगुरत असतं.

माझं नाव प्रणाली.
साहेब पहिल्याच दिवशी हसले होते,
सिस्टमचंच नाव घेऊन आलीस म्हणून.

मे महिन्यात नागपुरात रात्र होत नाही,
नुसता उजेड जातो.
साडेअकरालाही भिंती दिवसाचं ऊन परत करत असतात
उसन्या साखरेसारखं, वाटी शिगोशीग भरून.
नऊशे घरांतले कूलर एकदम पाणी प्यायला लागले
की पंपाचा आवाज अर्धा सूर चढतो.
हे स्क्रीनवर दिसत नाही.
मी चप्पल काढून तळवा फरशीला टेकवते.

त्या रात्री सगळं हिरवं होतं.
दाब ठीक, पातळी ठीक, वीज ठीक,
आणि इंटरकॉमवर डी-आठशे तीनमधल्या घाटोळे काकू:
"अंगाला साबण लागला आहे माझ्या. बोला आता."
म्हटलं, मॅडम, इथं तर ठीक दाखवतंय.
"मग तिथंच येते मी आंघोळीला."

नकाशात व्हॉल्व्ह सातव्या मजल्यावर.
सातव्यावर कोरी भिंत, तिला टेकवलेली कुणाची तरी सायकल.
नकाशा पुण्यात निघाला, इमारत इथं उठली,
मध्येच कुठंतरी दोघांचं बोलणं तुटलं असणार.

शाफ्टचं दार सापडलं आठव्यावर.
कडीला ताज्या तेलाचा वास.
आत टॉर्च मारला: बारा पाइप,
एकावरही नाव नाही,
लग्नाच्या फोटोत मागे उभ्या काकांसारखे सगळे एकसारखे.
आणि मागच्या सिमेंटवर, सुताराच्या जाड पेन्सिलीनं,

*डावीकडून तिसरा पिण्याचा.*
*व्हॉल्व्ह उलटा फिरतो. घाई करू नका.*
*सेवकराम पराते, फिटर.*

त्याखाली, बारीक अक्षरात,
*जेवण राहिलं आज.*

मग दुपारची ती एजन्सीची पोरं आठवली.
तपासणीला आली होती. 'पूर्ण उघडला' लिहून, सही करून गेली.
सगळे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात, त्यांनी डावीकडेच फिरवला,
भिंत कोण वाचतं.
जवळजवळ बंद नळीतून दिवस कसाबसा निघाला,
कूलर लागल्यावर दम संपला.

हाताची सवय मोडायला वेळ लागतो.
उजवीकडे पाव वेढा. थांबले.
अर्धा. थांबले.
मग तिसरा पाइप खाकरला,
सभेत बोलायला उठलेल्या म्हाताऱ्यासारखा,
आणि गार पडत गेला माझ्या पंजाखाली.

गेटवरच्या उईकेंना विचारलं, पराते कोण?
"होता ना बापा. इतवारीकडचा. घरी माग होता त्याच्या.
तुटला धागा डोळ्याला नाही, बोटाला सापडते म्हणे.
ठेकेदार बदलला, त्याच्यासंगं गेला."
कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.
रजिस्टर आमच्याच कंपनीपासून सुरू होतं.

काकूंचा फोन: "आलं हो. पण उकळतं आहे."
म्हटलं, मॅडम, त्याला माझ्याकडे व्हॉल्व्ह नाही.

पहाटे चारला खाली येऊन
दुरुस्तीचा अर्ज भरला.
व्हॉल्व्हची जागा: आठवा मजला, सातवा नव्हे.
दिशा: उलट.
माहितीचा स्रोत: इथं यादी उघडते,
सेन्सर, मीटर, नकाशा, ठेकेदार, इतर.
पराते नाहीत त्यात. भिंतही नाही.

मी 'इतर' दाबलं.
पुढच्या चौकटीत तीसच अक्षरं मावतात.
त्याचं आडनाव लिहिलं, फिटर लिहिलं,
आणि उरलेल्या जागेत
घाई करू नका.