न वापरलेलं मरण

या शहराच्या नावाचा अर्थच नाव,
आणि नद्या मात्र गिरण्यांच्या काळापासून
जमिनीखाली कोंडलेल्या.
आमची खोली त्यातल्याच एका गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर.
झेनॉन म्हणतो, खाली पाणी वाहतं, ऐक.
मला कधी ऐकू आलं नाही.
माझा कान मधल्या सप्तकाचा, त्याचा तळाचा.
म्हणून तर दोघं.

जुना सिंथेसायझर गारठला की उतरतो.
सकाळी हीटर आधी त्याच्याकडे वळवायचा,
आपण कोट घालून बसायचं.
झेनॉन पूर्वी चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचा;
अजूनही यंत्राच्या पाठीवर हात ठेवून बसतो,
गाभण गाईजवळ बसावं तसा.

मालिकेचा सहावा भाग, पटकथेचं पान अठ्ठावन्न:
म्हातारा पोस्टमास्तर खुन्याला ओळखतो
आणि बर्फात, सायकलशेजारी, मरतो.
एक मिनिट बावन्न सेकंद. संवाद नाही.
"इथे तुम्हीच," दिग्दर्शिका म्हणाली, आणि फोन ठेवला.

अकरा दिवस लागले त्याला मारायला.
मी वडिलांच्या सायकलचं चाक उलटं फिरवून
त्याची टिकटिक टिपली, आठपट संथ केली.
झेनॉननं खाली एकच सूर धरला,
इतका खालचा, की कानाआधी
चहाच्या ग्लासला कळायचा.
कुठून आणलास, विचारलं,
तर त्यानं नुसतं बोट केलं जमिनीकडे.

भांडण झालं ते शेवटावरून.
मी म्हणे, चाक थांबलं की संपलं.
तो म्हणे, त्यानंतर एक सेकंद.
माणूस नेहमी एक सेकंद उशिरा मरतो, बोग्ना.
दोन दिवस अबोला.
बोलायचो ते फायलींच्या नावांतून:
"शेवट सात, आता तरी ऐक."
"शेवट आठ, ऐकलं, नाही पटलं."
नवव्याला मी सेकंद दिला.

मग फोन आला.
पोस्टमास्तर लोकांना आवडलाय.
पुढच्या वर्षीचा करारही झाला.
आता नुसता पाय मोडतो त्याचा.
"हलकंफुलकं द्या काहीतरी,
प्लास्टरवर पोरं सह्या करतात, असं."
दिलं. चाळीस मिनिटांत.

मार्चमध्ये स्टुडिओच्या कँटीनमध्ये
तो आमच्यापुढेच उभा, हातात ट्रे,
बीटाच्या सूपवर जास्तीचं आंबट साय मागत,
वाढणाऱ्या बाईला हसवत.
वळला, आम्हाला ओळखलं.
"तुम्हीच ना ते दोघं? अहो, ते प्लास्टरचं!
माझी नात नाचते त्यावर."

मी त्याच्या मनगटाकडे बघत होते.
मला ठाऊक होतं हा माणूस कुठल्या सुरावर थांबतो,
किती टिकटिकींनंतर.
त्याच्या बायकोलाही नसेल ठाऊक.
सॉल्ट पाहिजे का, असं काहीतरी विचारलं मी.
झेनॉननं स्वतःच्या ट्रेमधला पाव उचलून
त्याच्या ट्रेमध्ये ठेवला.
का, ते त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही,
आणि तो गृहस्थ "वा वा" म्हणत खुर्ची शोधायला गेला.

त्या रात्री आम्ही ती फाइल उघडली.
ऐकायला नाही, शेवटचा सेकंद मोजायला.
सव्वा होता.
झेनॉननं त्याला एक जोडला.
मग आणखी एक.
टिकटिक पुढे ओढत राहिला, गुपचूप,
जसं कुणी झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण ओढतं.

खिडकीवर बर्फ धरत होतं.
मी उठले, हीटर पहिल्यांदाच
माझ्याकडे वळवला.
खालचा सूर हळूहळू उतरू लागला,
जागेवरून सरकला, ओळखू येईना.
झेनॉनला ते ऐकू आलंच असणार.
तो काही बोलला नाही.