पुलावर बर्फ टाकल्याबद्दल

गावाच्या जमाखर्चाच्या वहीत, सन अठराशे एकाहत्तर,
शाई तांबूस झालेली, अक्षर मात्र करारी:
‘पुलावर बर्फ टाकल्याबद्दल, असाहेल ड्रू यास
एक डॉलर पंचवीस सेंट.’
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हे वाचलं
आणि हसले. वाटलं, लिहिणाऱ्याची चूक.
बर्फ काढल्याचे पैसे देतात.
टाकल्याचे कोण देतं?

मर्टल कोबर्नने सांगितलं,
माझ्याआधी एकतीस वर्षं हे दप्तर तिच्याकडे होतं:
अगं, पुलाला छप्पर. आत बर्फ पडणार कुठून?
आणि ओंडके वाहणाऱ्या घसरगाड्या तर बर्फावरच चालायच्या.
कोरड्या फळ्यांवर अडकून बसायच्या, घोडे गुडघ्यांवर यायचे.
म्हणून असाहेल पहाटे फावडं घेऊन यायचा
आणि बाहेरचा हिवाळा उचलून आत पसरायचा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
अंथरूण घालावं तसा.

छप्पर माणसांसाठी नव्हतंच.
ते होतं तुळयांसाठी,
फुलीवर फुली घालून विणलेल्या फळ्यांसाठी,
ओकच्या खुंट्यांसाठी.
जन्म काढायचा नदीवर
आणि भिजायचं नाही, असा हट्ट.
माणसं आपली आयतीच आत शिरली.
घोड्यांच्या पोटदुखीवरच्या औषधाची जाहिरात
अजून आहे भिंतीवर, बाटली तीस सेंट.
तिच्याखाली चाकूने कोरलेली दोन नावं,
त्यातलं एक नंतर खरवडलेलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी
ऑल्डर ओढा रात्रीतून नदी झाला.
दक्षिणेचा दगडी पाया त्याने खाल्ला.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात.
पूल अख्खा फिरला, कलला,
एक कोपरा पाण्यात टेकवून उभा राहिला,
वासे मात्र फिरले नाहीत.
दोन दिवस, दोन रात्री
एकमेकांना धरून.

मार्चमध्ये गावसभा, शाळेच्या व्यायामशाळेत.
ड्वाइट पर्ली उठला: काँक्रीटचा बांधा,
माझ्या दुधाच्या टँकरला अकरा मैलांचा वळसा पडतो.
तो खोटं बोलत नव्हता.
चिठ्ठ्या मी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.
एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न, पूल राहिला.
माझी चिठ्ठी कुठल्या ढिगात होती ते सांगणार नाही.
सगळे पांगल्यावर ड्वाइट मागे थांबला,
माझ्याबरोबर खुर्च्या आवरायला.
बोलला काही नाही.

उन्हाळ्यात रेजीन थिबो आली, सीमेपलीकडून,
दोन शिकाऊ पोरं आणि बैलांची जोडी घेऊन.
प्रत्येक फळीला खडूने आकडा.
दहातल्या तीन सडलेल्या, त्या बाजूला.
एका फळीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीचं गणित निघालं:
सतरा गुणिले चोवीस, बरोबर तीनशे आठ.
कुणी सुतार हातचा एक धरायला विसरलेला.
म्हणजे शंभर फळ्या कमी पडल्या असणार.
उत्तर टोकाच्या शेवटच्या शंभर फळ्या
पाइनच्या का नाहीत, हेमलॉकच्या का,
हे मर्टललाही माहीत नव्हतं.
तिला सांगायला मी गेले. ती त्या दिवशी झोपूनच होती.
तरी बोटांवर हिशेब करून म्हणाली, चारशे आठ.

रेजीनने ती फळी होती तशीच बसवली,
गणित आत, चूक शाबूत.
वर नवी खुंटी ठोकली.

आता जानेवारी. पूल कोरडा, आत राळेचा वास.
काल संध्याकाळी ड्वाइटचा नातू
टेकडीवरून घसरगाडी ओढत आला.
छपराखाली चार पावलांवर
गाडी करकरून थांबली.
त्याने दोर ओढला, पुन्हा ओढला,
माझ्याकडे पाहिलं, जणू पूल माझाच.

फावडं गाडीच्या डिकीत होतं.
त्या टोकापर्यंत जायला पाऊण तास लागला.
वहीत नोंद केली नाही.