तूट

बद्रीला भट्टीत वाकता येईना.
पोट काठावर अडायचं,
आणि पाव तळाशी करपायचे.

डॉक्टरीण म्हणाली, रोज पाचशे कॅलरींची तूट हवी.

सत्तावीस वर्षं बेकरीची वही मी लिहिते.
तूट म्हणजे काय, मला कुणी शिकवू नये.
पीठवाला दिसला की मागच्या दाराने सटकणं,
कुटाइसीच्या थंडीत एकाच खोलीत शेकोटी.
ती हसली. म्हणाली, अगदी तसंच,
आवक घटली की शरीर कणगीला हात घालतं.

मग पोत्यांच्या काट्यावर
दर सोमवारी नवरा.
एकशे एकतीस.
मैदा, यीस्ट, मीठ, बद्री.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले.
त्याने शाल्वाला उचलून गिरकी घेतली.
ते पाणी होतं, डॉक्टरीण म्हणाली, नाचू नका.

जानेवारीत काटा हलेचना.
मी त्याच्या एप्रनचा खिसा उलटा केला:
पावाची टोकं, अक्रोड,
चीजचा एक ओशाळलेला तुकडा.
"हे मोजायचं असतं?"
तू मोजलं नाहीस, बद्री,
पोटाने मोजलं.

तरी खिसे रिकामे झाल्यावरही
घसरण मंदावलीच.
शरीर कंजूष होतं म्हणे,
आपल्या सासूसारखं, दिवे मालवत फिरतं.
त्याचे हात गार पडायचे. हो, भट्टीवाल्याचे हात!
चिडायचा. झोपेत चावायचा.
भाऊबंदांच्या जेवणावळीत
वाइनच्या एकेका पेल्यापुढे
तो खटल्यातल्या साक्षीदारासारखा बसायचा.

चेरी लागल्या तेव्हा एकशे सतरा.
चौदा किलो.
मी विचारलं, गेले कुठे?
घाम असेल, मला वाटलं, किंवा संडास.
नाही, म्हणाली ती, बहुतेक श्वासावाटे.
चरबी जळते आणि हवा होऊन नाकातून निघून जाते.

म्हणजे या आठ महिन्यांत
माझ्या उशीशेजारी, रात्रभर,
तो थोडा थोडा खोलीत विरत होता
आणि मी म्हणायचे, घोरू नकोस.

वहीत हे कुठल्या रकान्यात लिहू, कळत नाही.

आज पहाटे चारला
पावाची ओली लांबट कणीक तळहातावर घेऊन
तो भट्टीत कमरेपर्यंत उतरला.
फक्त पाय बाहेर, एक चप्पल निसटलेली.
शाल्वा टाळ्या वाजवतो.
मी मोजते आहे. सहा, सात.
ये वर आता.