पोकळी राखणारा

आई विचारायची, तू तिथं नक्की बनवतोस काय?
मी म्हणायचो, काही नाही.
तिला वाटायचं, सांगायची बंदी असेल.
पण खरंच, काही-नाहीच बनवतो मी,
बावीस वर्षं झाली.
एका पोलादी पिंपातली हवा काढतो
आणि ती परत आत शिरू नये म्हणून
रात्रभर काट्यासमोर बसून राहतो.

बाहेर सुखनिवासच्या तळ्यावर टिटव्या.
आत पंप गुरगुरतोय, काटा उतरतोय.
आत बोटाचा एक ठसा राहिला
तरी तो तासन् तास वाफाळत बसतो,
म्हणून हातमोजे,
म्हणून नवीन पोरांवर माझं खेकसणं.

रेशीमवाले मॅडम तीन रात्री घरी गेलेल्या नाहीत.
रघुवंशी आरसे लावतोय,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून
खेळणं सोडवून घ्यावं तसा.

प्रकाशाचा जोर ऐकाल तर हसाल.
फरशीवरचा पाण्याने भरलेला तांब्या
गुडघ्यापर्यंत उचलायला लागतो, तेवढाच.
पहिल्यांदा मॅडमनी हे सांगितलं तेव्हा
मला राग आला होता.
एवढ्यासाठी एवढी इमारत?
एवढ्यासाठी जलूदहून चढण चढून आलेली नर्मदा,
जी आमच्या नंदलालपुऱ्यात एक दिवसाआड येते,
ती इथं नळ्यांतून अहोरात्र फिरवायची,
यंत्र थंड राहावं म्हणून?

जोर नका बघू, म्हणाल्या, वेळ बघा.
आधी प्रकाश ताणायचा, लांबलचक, विरळ,
मग त्याला पोसायचं,
मग एकदम आवळायचं,
केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा उरेपर्यंत.
तांब्या तोच. पण तो उचलायचा जेवढ्या वेळात,
तेवढ्याला जर सेकंद म्हटलं
तर आपला एक सेकंद भरतो
बारा लाख वर्षांचा.

मी त्या रात्री स्वयंपाकघरात
तांब्या उचलून पाहिला. दोनदा.
बायको म्हणाली, तहान लागली का?

भोंगा. दार बंद. लाल दिवा.
गडगडाट वगैरे काही नाही,
फक्त टिक्, कुठलंसं बटण पडल्यासारखं.
आणि त्या टिक्‌च्या कितीतरी आधी
सगळं होऊन गेलेलं असतं:
हेलियमच्या फुंकरीतून प्रकाश गेला,
जाताना मागे एक खळगा ओढत गेला,
आग्रा रोडवर ट्रकच्या पाठी
धूळ आणि कागद धावतात ना, तसे
काही इलेक्ट्रॉन त्यात सापडले नि सुटले.
चार मिलिमीटर. बस.
एवढ्या धावेसाठी इतरत्र मैदानं घालतात.
आणि धावताना ते थरथरले,
त्या थरथरण्यातून क्ष-किरण सांडले.

असं पुस्तकात.
आमचे सोळा शॉट कोरे गेले.
सतराव्याच्या आधी तारेची जाळी सापडेना,
जिचा फोटो घ्यायचा होता ती.
मी एसीच्या जाळीत सोमवारी मिळालेली
मेलेली गांधीलमाशी काढून दिली.
लावा, मॅडम म्हणाल्या. खिडकीबाहेर, चिकटपट्टीवर.

टिक्.

पडद्यावर ती आली.
पंखांच्या शिरा, दोऱ्याएवढी कंबर,
आणि पोटात
सहा-सात दाणे, नीट रचलेले.
रघुवंशी म्हणाला, भिया, हे काय?
मॅडम बऱ्याच वेळाने म्हणाल्या, अंडी.
तीन रात्रींनंतर जमलं होतं
आणि कुणी टाळी वाजवली नाही.
त्यांनी वहीत वेळ लिहिली, तीन सत्तावीस,
पुढे काहीतरी लिहिलं, खोडलं.

नोझल जळलंय, बदलावं लागणार.
मी झडप उघडतो.
माळव्याची हवा शिट्टी घालत
माझ्या रात्रभराच्या काही-नाहीत शिरते.
चिकटपट्टीवरची माशी मी कागदात बांधली,
खिशात ठेवली, ओळखपत्राच्या मागे.
नवीन पोरगा विचारतो, परत किती वेळ लागेल?

चार तास, मी म्हणतो.
हातमोजे घाल आधी.