मंगळवार, चार ते पाच

पुंता अरेनासच्या तंत्रनिकेतनात
आमच्या दोघींच्या टेबलांमध्ये एक कपाट होतं,
त्यामुळे ऐकू सगळं यायचं, दिसायचं अर्धंच.

येर्को आला तो नाव काढून घ्यायचा अर्ज भरूनच.
ओदिलियाबाईंची सही तेवढी हवी होती.
त्यांच्या जागी मी असते तर म्हटलं असतं,
"अरे, थोडी मेहनत कर. अजून वेळ गेलेली नाही."
जिभेखाली तयारच असतं हे माझ्या,
खडीसाखरेसारखं.

त्यांनी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला घेतली.
विचारलं, "काल जेवलास किती वाजता?"

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर वारा पत्र्याशी भांडत होता.
मग हळूहळू निघालं:
सॅमनच्या कारखान्यातली रात्रपाळी,
बर्फाने बधिरलेली बोटं,
सकाळी धाकटीला शाळेत सोडणं
आणि पहिल्याच तासाला मिटणारे डोळे.

बाईंनी अर्ज उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर आठवडा आखला.
"भर," म्हणाल्या, आणि पेन्सिल त्याच्याच हातात दिली.
चौकोन काळे होत गेले. एक उरला.
मंगळवार, चार ते पाच.
तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

गणितात तो तरीही नापास झाला, एकदा.
अर्ज अजून खणात आहे, बिनसहीचा.

वादळाच्या दिवसांत इथे चौकात दोर बांधतात,
धरून चालायला.
कुठे निघालात, हे दोर विचारत नाही.

परवा मी माझी खुर्ची हलवून पाहिली.
जड आहे. कपाटाला अडते.