खाच

ओरिया नदीला आता कागदाचा वास येत नाही.
आमच्या लहानपणी यायचा, उकडलेल्या कोबीसारखा,
आणि आम्हाला वाटायचं
सगळ्याच नद्यांना तो येत असेल.
मग तोलोसातल्या गिरण्या एकेक करून मिटल्या.
कोल्डोकडे उरली भोकं पाडायची एक मशीन,
डाव्या हाताची साडेतीन बोटं
आणि एनेरित्स, त्याची मुलगी,
जिला शहाण्यासारखी गप्प पडलेली वही
बघवत नाही.

मी नेकाने. तार ओवते.
स्पायरल गिरक्या घेत शिरते
चोवीस भोकांतून, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत,
आणि टोकाला मी चिमट्यानं तिची मान मुरगाळते,
नाहीतर लोकांच्या स्वेटरांना अडकते.
बावीस वर्षं झाली.
माझे स्वतःचे तीन स्वेटर गेले.

एनेरित्स म्हणाली, पुठ्ठा बदलता आला पाहिजे.
मासळी विकणारीला ओल्या हातांचा,
रात्रपाळीच्या नर्सला मांडीवर टेकेल असा कडक,
डोंगरात जाणाऱ्याला गुंडाळी होणारा.
पानं तीच,
अंगरखा ज्याचा त्याचा.
कोल्डो म्हणाला, म्हणजे वही नव्हे, बाहुली.
आणि कॉफी प्यायला गेला.

तो हिवाळा सगळा एका खाचेत गेला.
भोकापासून कडेपर्यंतची चिंचोळी वाट,
तारेवर पुठ्ठा दाबायचा, टक्,
ओढला की सुटायचा.
रुंद झाली तर पुठ्ठा गळून पडे.
अरुंद झाली तर तिसऱ्या दिवशी फाटे.
कागदालाही अंगची दिशा असते,
आडवा कापला की रुसून वाकडा होतो,
हे कोल्डोनं सांगितलं, पाठ करून,
जणू खिडकीला सांगतोय.
स्टोव्हवरच्या दोरीला सतरा नमुने चिमट्यांनी लटकत होते.
मी त्यांच्याखाली डबा खायचे.

सप्टेंबरात तीनशे वीस वह्या शाळेत गेल्या.
जूनमध्ये नऊ खोकी परत आली,
लिहून भरलेल्या वह्यांसकट,
वर बाईंची चिठ्ठी:
पुठ्ठे सुटतात.

कोल्डो 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाला नाही.
त्यानं पहिलं खोकं कापलं.
पुठ्ठ्यावर जाड शाईत उनाइ,
आत माइआलेनचे अपूर्णांक.
माइआलेनच्या पुठ्ठ्यात कुणाचा तरी भूगोल, नद्या चुकलेल्या.
एका वहीला दोन पुठ्ठे, थंडी वाजत असल्यासारखे.
तीन वर्गांनी मिळून
वर्षभर कपडे बदलले होते.
एनेरित्स जमिनीवर बसली होती,
तिला हसू येत होतं आणि ती हसत नव्हती.

सातव्या खोक्यात ती एक निघाली.
आमचा पुठ्ठा नव्हताच.
सकाळी दुधात घालतात त्या पोह्यांचं खोकं कापलेलं,
वाघाचं अर्धं तोंड,
आणि कंपासच्या टोकानं
टोचून टोचून पाडलेली भोकं,
प्रत्येकाला कात्रीनं दिलेली खाच.
कोल्डोनं अर्ध्या बोटानं मोजली.
पुन्हा मोजली.
चोवीस.
सगळी जागच्या जागी.
'कुणाची?' त्यानं विचारलं.
आत नाव नव्हतं.
पाठपोट लिहिलेली पानं, कान दुमडलेले,
शेवटच्या पानावर एक बेडूक.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा
मशीन उघडी होती,
पंचाचा दात कानशीवर,
कोल्डोचा चष्मा कपाळावर.
किती कमी करायची, एनेरित्सनं विचारलं.
'केसभर,' तो म्हणाला.
'घट्ट नको. सुटायला हवी.'
मग चष्मा खाली ओढून,
'कुणाच्या केसाएवढी, ते तू ठरव.'

नवे गठ्ठे गेले तेव्हा
वाघाची वही सगळ्यात वर ठेवली.
तार तेवढी मी बदलली,
जुनी वाकली होती.
टोक दोनदा मुरगाळलं.