डावीकडून येतोय

रविवारी, नळाला पाणी यायच्या आत,
आण्णांनी चारशे सात दारासमोर उभी केली,
मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले
आणि मला म्हणाले, "गोणपाट आण, संघमित्रा.
तुझे कान तरुण आहेत."

तीन आठवडे हा आवाज फुरसुंगीत आमच्यात राहतोय.
दिवे घाट उतरताना एकदा, खट्.
गाडीतळाच्या खड्ड्यांत मोजू नये इतका.
सासवडला अंजिराचे क्रेट चढले की जरा दबतो,
मार्केट यार्डात उतरले की परत तोंड वर काढतो.
आईला तो रुपयांत ऐकू येतो:
डावीकडचा शॅकल बुश. डावीकडचा शॅकल बुश, पुन्हा.
डावीकडचा शॉकअप, शकूरभाईंकडून, "नव्यासारखाच."

"डावीकडूनच येतोय," आण्णा म्हणतात.
तेहतीस वर्षं स्टेअरिंगमागे बसलेल्या माणसाला
मी काय सांगणार.
पाठीवर झोपून चॅसीखाली सरकते.

खालून आपलीच गाडी ओळखू येत नाही.
घाटातली माती, पोळपाटाएवढा वाळलेला चिखल,
पाट्यांच्या फटीत एक अख्खं अंजीर, सुकलेलं,
कसं गेलं कोण जाणे.
ग्रीस हवं तिथे धूळ,
नको तिथे ग्रीस.

इंजिन बंद. शेजारचा सोपान, नव्वद किलो,
बंपरवर चढून उड्या मारतो.
खट्.
स्टेअरिंग हलवून पाहिलं: टाय रॉड गप्प.
जॅकवर घेऊन चाकाखाली टॉमी घातली, उचकलं: किंगपिन घट्ट.
खाली सोडून बुशांवर मगभर पाणी मारलं,
कुरकुर असती तर पाण्यानं सूर बदलला असता.
हा बदलत नाही.
दर उडीला एकदा, दार वाजवल्यासारखा.

मग आण्णा वरून म्हणतात, "हात लाव. कानाचं सोड."
डाव्या शॅकलवर तळवा ठेवते.
सोपान उडी मारतो. खट्. तळव्याला काही नाही.
पुन्हा. काही नाही.
सरकत सरकत दुसऱ्या बाजूला जाते.
उजवा शॅकल, वरची पिन.
सोपान उडी मारतो
आणि माझ्या बोटांखाली शेंग फुटते.

"डावीच ना?" आण्णा विचारतात.

मी उत्तर देत नाही. मला जेवणाचं ताट आठवतं.
आई त्यांच्या उजव्या हाताला बसते, काही विचारते,
ते भाकरी मोडत राहतात,
मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही.
फोन डाव्या कानाला. टीव्हीकडे डावा गाल.
केबिनमध्ये मी कायम डावीकडे,
तिथे त्यांना माझं पुटपुटणंसुद्धा ऐकू यायचं.
उजवीकडे तेहतीस वर्षं उघडी खिडकी,
वारा, एसटीचे हॉर्न.
उरलेल्या एका कानाला सगळंच डावीकडून येतं.

"आण्णा, आवाज फिरतो," मी म्हणते,
"पाट्यातनं, अ‍ॅक्सलमधनं. ह्या टोकाचा त्या टोकाला निघतो.
तुम्हीच बघा."
हे खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

ते गुडघे मोडत खाली येतात,
बनियनला काळं लागतं,
माझ्या हाताशेजारी त्यांचा हात.
"हाण, सोपान्या."
खट्.
"अजून एकदा."
बराच वेळ हात तिथेच.
गल्लीत पाणी येतं, हंड्यांची आदळआपट सुरू होते.

"उजवा बुश," अखेर म्हणतात, "लिहून घे.
पिन पण घे सोबत, खाल्ली असणार."
मग बाहेर निघून, पँट न झटकता, उभे राहतात.
उजवीकडून आई भरलेला हंडा घेऊन येत असते.
मान वळवतात, पूर्ण, डावा कान तिच्याकडे येईपर्यंत.
"काय म्हणालीस?"

आई काहीच म्हणालेली नसते.